"मला कधी काही झालं नाही, मग तुला कुठनं आलं?"

(तासगावजवळच्या एका मुलीचं पत्र. वय 26, लग्नाला दीड वर्ष, नवरा पुण्यात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो. दिवाळीनंतर खाली बारीक पाण्याचे फोड आले, ताप, जांघेत अवधान, लघवीला प्रचंड आग. डॉक्टरीणबाईंनी जेनायटल हर्पिस सांगितलं, म्हणजे संबंधातनं लागणारा, खाली फोड आणणारा व्हायरसचा आजार. आता द्राक्षाच्या सिझनात परत दोन फोड आलेत. नवऱ्यानं वरचा प्रश्न विचारलाय, आणि ती विचारतेय की मला मूल होईल का.)

बाळ, तुझं पत्र तीनदा वाचलं. आजाराबद्दल चार ओळी आणि नवऱ्याच्या त्या एका वाक्यावर दोन पानं लिहिलीस, म्हणून तिथनंच सुरू करते.

तो खरं बोलत असेल गं. हर्पिस असलेल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं, जरा खाज आली, कातडी सोलपटली म्हणून सोडून देतात, आणि फोड नसतानाही व्हायरस मधूनमधून कातडीवर येतो नि जोडीदाराला लागतो. लागण झाल्यावर 2 ते 12 दिवसांत फोड येऊ शकतात, पण काहींना पहिला अटॅक कित्येक वर्षांनी येतो. त्यामुळं तारखा जुळवत बसू नका, दोघंही.

आणि शेवटी तू सहज लिहून गेलीस की यांना लहानपणापासून ताप आला की ओठावर फोड येतो. अगं तो पण हर्पिसच! टाइप 1. लहानपणी घरातल्याच कुणी पापा घेतला तरी लागतो, जगात 50 वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात आहे. तोंडानं संबंध आला तर तोच खाली होतो. तुझं तसंच झालंय असं मी पत्रावरनं सांगू शकत नाही, पण परत फोड आला तर पहिल्या एकदोन दिवसांत, पाणी भरलेलं असतानाच, जाऊन स्वॅब टेस्ट करून घे (कापसाच्या काडीनं फोडातलं पाणी घेऊन तपासतात), त्यात टाइप कळतो. सोबत दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीपण करा, म्हणजे ती शंका मिटेल. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं औषध फुकट मिळतं, नाव बाहेर जात नाही. 1097 या एड्सच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केलास तरी माहिती देतात.

हा व्हायरस कमरेखालच्या नसांच्या मुळाशी जाऊन झोपतो, आणि ताप, पाळी, जागरण, दमणूक झाली की उठतो. तू पहाटेपासून पॅकिंगला उभी असतेस, तेव्हाच आला ना? पहिला अटॅक दोन ते चार आठवडे छळतो, पुढचे हलके असतात आणि बहुतेकींना वर्षागणिक कमी होत जातात. आधी मुंग्या, ठणका जाणवतो, तेव्हाच डॉक्टरांनी दिलेली असायक्लोव्हिर सुरू केली तर लवकर आवरतो. त्या मुंग्यांपासून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. एरवी कंडोम वापरा, धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.

सासूबाईंपासून लपवून कपडे वेगळे धुतेस ते बंद कर, संडास, बादली, कपडे यातनं हा पसरत नाही. उघड्या जखमेवर हळद नको, आपल्या सांगलीची असली तरी. मेडिकलमधली खाजेची ट्यूब तर अजिबातच नको, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आणि शेजारीण म्हणते ती नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या व्हायरसची, उतरवून घ्यायला जाऊ नकोस.

मूल होईल. हर्पिसनं दिवस राहायचं थांबत नाही. बाळाला खरा धोका असतो तो आईला शेवटच्या महिन्यांत नवीन लागण झाली तर, तुझी आधीच होऊन गेलीय, अशा आयांच्या बाळांना लागण 1 टक्क्याहून कमी. पण डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत सांग, त्या 36व्या आठवड्यापासून गोळ्या देतील, आणि कळा सुरू होताना फोड असले तर सिझर करतील. सासूबाईंना यातलं काही सांगायची गरज नाही. नवऱ्याला मात्र येत्या रविवारी हे वाचायला दे, आणि वाचून होईपर्यंत शेजारी बस.