रात्री तीनदा कडी पाहणारी आई

"मॅडम, मुलं पळवणारी टोळी फिरून राहिली म्हणतात. पोट्ट्याला शाळेत पाठवू का नको?"

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या पावसासोबत व्हॉट्सअॅपवर हे मेसेज येतात आणि पाठोपाठ माझ्याकडे समुपदेशनाला आया येतात. एवढ्यात हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की एका आईची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती नागपूरच्या सक्करदऱ्याकडची. नवरा बुटीबोरीला कंपनीत, एक आठवडा सोडून रात्रपाळी. मुलगा सात वर्षांचा. पोट दुखतं म्हणून तीन आठवडे शाळा बुडत होती आणि डॉक्टरांना पोटात काही सापडत नव्हतं.

"मी त्याच्यासमोर एक शब्द बोलत नाही," तिने पहिल्याच दिवशी ठासून सांगितलं. "मेसेज आला की मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात जाते. त्याला म्हणते, काही नाही झालं, तू खेळ."

"मग त्याला कळतं कसं?"

"तेच तर समजून नाही राहिलं, मॅडम."

उत्तर तिसऱ्या भेटीत मुलाने दिलं. झोप केव्हा लागते, एवढंच मी त्याला विचारलं होतं.

"आई कडी पाहून आली की."

"मग लागते?"

"नाही. ती पुन्हा जाते. तीनदा पाहते. बाबा घरी असले की एकदाच." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे ते लोक बाबा नसले की येतात."

आईचा हात पदराशी थबकला. बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि ती शांतता मी मुद्दाम मोडली नाही. माझ्या अनुभवात अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं तर हाती आलेलं निसटतं. शेवटी तीच हळूच म्हणाली, "मला वाटलं, मी लपवून राहिली."

मी तिला एक जुना प्रयोग सांगितला, १९८५ सालचा. वर्षभराच्या बाळांना जाड काचेवरून पलीकडे आईकडे जायचं होतं. काचेखाली मध्येच जमीन खोल गेल्यासारखी दिसे. बाळं तिथे थांबत आणि आईकडे बघत. हसऱ्या चेहऱ्याच्या आयांची १९ पैकी १४ बाळं पलीकडे गेली. घाबरलेल्या चेहऱ्याच्या आयांची १७ बाळं होती, त्यातलं एकही गेलं नाही. काच तीच होती, खोलीही तीच.

पण म्हणून आईने चेहरा हसरा ठेवावा, हे मला पटत नाही. पूर्वी मीही "मुलांसमोर शांत राहा" एवढं सांगून आयांना घरी पाठवायची. या मुलाने मला दाखवलं की चेहरा सांभाळला तरी पाय कडीकडे जातातच. आईच्या भीतीला करण्यासारखं एखादं खरं काम मिळालं, की पाय आपसूक थांबतात.

म्हणून आम्ही तिच्या मोबाईलमधले मेसेज सोबत बसून वाचले. तारीख, गाव, पोलीस ठाणं, काहीच नाही. फक्त "सर्वांना पाठवा". २०१८ मध्ये मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ घराघरात पोचला होता. तो कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेचा होता, मूल परत आणून देतात तो शेवटचा भाग तेवढा कापलेला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने पाच निरपराध माणसं जमावाने ठार मारली. हे ऐकून ती म्हणाली, "मी तर मेसेज भिशीच्या ग्रुपवर टाकला होता." त्याच दिवशी तिने ग्रुपवर लिहिलं की खात्री न करता पाठवला, चुकलं. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

मुलाशी कसं बोलायचं, यावर आमचा सर्वात जास्त वेळ गेला. "काही नाही झालं" हे मुलाला खोटं वाटतं, कारण त्याने पाहिलेलं असतं. त्यापेक्षा तिने सांगितलं, "मला भीती वाटली होती. मी शाळेत विचारलं, पोलीस ठाण्यात विचारलं. ती गोष्ट खरी नव्हती." खरंच संशयास्पद काही दिसलं तर जमाव गोळा करायचा नाही, ११२ ला फोन करायचा, मुलांसाठी १०९८ आहे. मेसेज दिवसातून एकदाच बघायचे, झोपायच्या वेळी नाही. कडी मुलाने लावायची, आईने एकदा पाहायची, आणि लाइट बंद. शिवाय दोघांचा एक गुप्त शब्द ठरला: शाळेतून न्यायला दुसरं कोणी आलं आणि त्याला तो शब्द सांगता आला नाही, तर बाईंकडे परत जायचं.

पहिला आठवडा कठीण गेला. दोन रात्री ती पुन्हा उठली, आणि तसं मुलाला सकाळी सांगितलंही. ऑगस्टमध्ये दोघं भेटायला आले तेव्हा त्याची शाळा सलग सुरू होती. मी सहज विचारलं, "काय रे, तुमचा शब्द कोणता?"

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो सांगायचा नसते ना, मॅडम."