आमची बोलीच अशुद्ध, मग भाषाविज्ञान झेपेल का?

प्रश्न: वाशिमकडच्या खेड्यातला आहे. बी.ए.ला भाषा, मन आणि समाज असा पेपर आहे. हे व्याकरणच असतं का? आणि आमची वऱ्हाडी बोलीच अशुद्ध, मग आम्हाला जमेल का?

उत्तर: व्याकरणाच्या तासाला कसं बोलावं ते सांगतात. इथे माणसं कशी बोलतात आणि तशीच का बोलतात, ते बघायचं. 'अशुद्ध' हा शब्द तेवढा घरी ठेवून या.

मी भाषाविज्ञानात एम.ए. केलं आणि आता तालुक्याच्या रस्त्यावर कृषी केंद्र चालवतो. (हसू नका, या विषयाला आमच्या काउंटरसारखी दुसरी जागा नाही.) पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरली की गिऱ्हाईक येतं. मी विचारतो, "काय पडलं?" तो म्हणतो, "बोंडअयी." मी ऐकू न आल्यासारखं करतो, "काय म्हटलं?" मग सावकाश, माझ्याकडे बघून, "बोंड-अळी." तोच माणूस, पण दोन सेकंदांत ळ हजर. शेजारच्या खुर्चीवर कृषी सहायक बसलेले असले तर पहिल्या फटक्यातच 'अळी' येते.

ही युक्ती माझी नव्हे. विल्यम लबॉव या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ती १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत वापरली. एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर कोणता माल आहे ते आधी बघून ठेवायचं आणि खाली विक्रेत्याला तोच कुठे मिळेल म्हणून विचारायचं. उत्तर येणार 'फोर्थ फ्लोअर', म्हणजे र म्हणायची संधी दोनदा. मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा वदवून घ्यायचं. महागड्या दुकानात र सगळ्यांत जास्त ऐकू आला, स्वस्तात सगळ्यांत कमी, आणि दुसऱ्यांदा सांगताना तो वाढला. न्यूयॉर्कात असा र म्हणणं मानाचं, आणि तिकडे इंग्लंडात तोच र गाळणं मानाचं! आपण 'डोळा'ला 'डोया' म्हणतो, त्याचंही असंच. राजधानी आणि छापखाने पुण्या-मुंबईऐवजी अचलपुरात राहिले असते, तर सदाशिव पेठेतलं पोरगं आज 'डोळा' म्हटल्याबद्दल बोलणी खात बसलं असतं.

हा झाला समाज. मनासाठी लहान पोरं बघा. माझी साडेतीन वर्षांची भाची म्हणते, "बाबा वावरात जाला", "मी जेवन करलं". घरात असं कोणीच बोलत नाही. बसला, उठला, पडला ऐकून तिने नियम काढला आणि जा, कर यांनाही लावला. जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ठेवलं 'वग', आणि विचारलं, आता दोन झाले, तर काय म्हणाल? मुलं म्हणाली, 'वग्ज'. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता.

तुमच्या बोलीतही असे नियम ठासून भरलेले आहेत. समोर उभ्या पोराला आई म्हणते, "इकडे ये." बाहेर निघालेल्याला म्हणते, "येतानी मीठ आनजो." समोरच्यालाच 'इकडे येजो' म्हटलं तर पोरगं हसेल. आत्ताचं सांगणं वेगळं, मागाहूनचं वेगळं. गुजरातीतही निरोप देताना 'आवजो' म्हणतात. हे ना तुम्हाला कोणी शिकवलं, ना आईला.

आणि मन-समाज एकत्र बघायचे तर माझंच उदाहरण घ्या. 'पाणी'ला 'पानी' म्हणतो म्हणून इतकी बोलणी खाल्ली होती की सातवीत, पंधरा ऑगस्टला, मी धाकाने नको तिथेही ण लावला आणि माइकवर खणखणीत 'जण गण मण' म्हटलं. मागच्या रांगेतले पोट्टे अजूनही मला मण्या म्हणतात.

अभ्यासाला पुढे बक्कळ आहे. मराठी आर्यकुळातली, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, यवतमाळकडची कोलामी द्रविड, आणि जळगाव जामोदकडची निहाली कोणत्याच कुळात धड बसत नाही. सगळं एसटीच्या टप्प्यात.

सुरुवात मात्र घरूनच करा. आजीला विचारून मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा आणि जसं ऐकू येईल तसं वहीत उतरवा, सुधारू नका. मोबाइल दिसला की तीही 'पाणी', 'डोळा' म्हणायला लागेल. अभ्यासकांची ही जुनी डोकेदुखी आहे. ती पहिली दहा मिनिटं सोडून द्या. मग हळूच सुनेचा विषय काढा.