कॅटलॉगमध्ये नाव टाकलं की पुस्तक सापडतं, मग वाचनालयात कपाटं चाळायची कशाला?

कॅटलॉग तुम्ही विचारलेलंच देतो. कपाट शेजारीपाजारीही दाखवतं. १८७६ साली आलेल्या, विषयांना क्रमांक देऊन पुस्तकं लावणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत जवळचे विषय एकाच रांगेत येतात: खगोलशास्त्र ५२०, कालगणना ५२९. दादरच्या एका वाचनालयात मी ग्रहणांवरचं पुस्तक शोधत होतो, हाती आलं पंचांगाचं गणित समजावणारं. पाठीवरचं नाव पार पुसलेलं! असं काही आहे हेच माहीत नव्हतं, तर कॅटलॉगमध्ये टाकणार काय? ग्रहणं राहिली ती राहिलीच. चिठ्ठी देऊन पुस्तक मागवावं लागतं तिथे मात्र ही चैन नाही, म्हणून कपाटापर्यंत सोडतात का ते आधी विचारा. आणि वाचकांनी परत केलेल्या पुस्तकांचा ढीग जरूर उपसा. त्याला कसलाच क्रम नसतो.