कुटुंबाला घेऊन अलास्काकडच्या दुर्गम नदीवर राफ्टिंगला जावं का? घरात सगळ्यांना पोहता येतं.

तुम्ही विचारलंय की ६८ वर्षांची आई आणि १३ वर्षांचा मुलगा यांना घेऊन अलास्का-कॅनडाच्या बाजूला दहा-बारा दिवसांच्या राफ्टिंगला जावं का, कधी जावं आणि खर्च किती येतो. शेवटी लिहिलंय, "आम्ही मांडवीकाठचे, सगळ्यांना पोहता येतं, त्यामुळे पाण्याची भीती नाही." ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमच्या घरात कितीतरी वर्षं मी ऐकत आलेय.

थेट सांगते. आईंना न्या, मुलालाही न्या. पोहण्याच्या भरवशावर निघालेल्या माणसाला नेऊ नका.

आम्ही टॅटशेनशिनी नदीवर गेलो होतो. बेत नणंदेचा, ती व्हँकुव्हरला असते. ही नदी कॅनडातल्या डोंगरांतून येते, अलसेक नदीला मिळते आणि मग दोघी मिळून अलास्कात समुद्राला जातात. कॅनडाच्या युकॉन भागातल्या डाल्टन पोस्टला राफ्ट पाण्यात सोडतात, अलास्कातल्या ड्राय बेला बाहेर काढतात. मधे सुमारे २२५ किलोमीटर, आणि डाल्टन पोस्ट सोडलं की गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. वाटेत कोणी आजारी पडलं तर हेलिकॉप्टर, तेही ढग असले तर येत नाही. गाइडकडे सॅटेलाइट फोन असतो तेवढाच.

आपल्याकडे गोव्यात पावसात उस्त्याहून म्हादईवर, म्हणजे मांडवीच्याच वरच्या पात्रात, राफ्टिंग करतात तसं तिथे नसतं. म्हादईवर प्रत्येकाच्या हातात वल्हं देतात. तिथे होडी मोठी, गाइड एकटाच दोन लांब वल्ह्यांनी ती चालवतो आणि आपण दोरी धरून बसायचं. पहिल्याच दिवशी एक अरुंद घळ लागते, पाणी अंगावर येतं. सासूबाई तेव्हा जवळपास तुमच्या आईंच्याच वयाच्या. सांगितलं तिथे बसल्या, सांगितलं तसं धरलं, आणि घळ संपल्यावर "परत आहे का असं पुढे?" म्हणून विचारलं.

आता थोरल्या दिरांचं. भाऊजी म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले पोहणारे. श्रावणात फुगलेली म्हादई पोहून पलीकडचा काठ गाठायचे, हे सत्तरी तालुक्यात कोणीही सांगेल आणि मी ते नाकारत नाही. पण त्या नदीत हिमनद्यांचं वितळलेलं पाणी असतं, शून्याच्या थोडंच वर. त्यासाठी ड्रायसूट घालतात. गळ्याला आणि मनगटांना रबर, आणि एक जाड चेन जी पूर्ण बंद असली तरच पाणी आत येत नाही. आमची गाइड पंचविशीतली मुलगी होती. होडीत बसण्याआधी दर वेळी ती प्रत्येकाची चेन स्वतः ओढून बघायची. भाऊजींना ते खपत नव्हतं. आमच्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "हिच्या जन्माआधीपासून मी नदीत आहे."

एका दुपारी चांगलं ऊन पडलं. गाइडने चेन तपासली, होडी सुटली, आणि छातीला आवळतंय म्हणून भाऊजींनी ती परत अर्धी उघडली. सासूबाईंनी पाहिलं. "लाव ती," म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी होडी काठाला लागत होती. गाइड ओरडून सांगत होती, मी सांगेपर्यंत कोणी उतरायचं नाही. भाऊजी दोरी घेऊन उतरले.

ते पाणी राखाडी असतं, दगडांच्या पिठाने भरलेलं. बोटभर खालचंही दिसत नाही. त्यांना वाटलं गुडघाभर असेल, निघालं छातीभर, आणि ओढ अशी की पाय टेकायच्या आत खालून गेले. उघड्या चेनीतून सूटमध्ये पाणी भरलं. मी सगळं पाहिलं. या माणसाने एक हात मारला नाही. तोंड उघडं, श्वास आत ओढला जातोय, बाहेर पडत नाही. गाइडने दोरीची पिशवी फेकली ती बरोबर त्यांच्या हातावर पडली, पण बोटांनी ती धरली नाही. पुढच्या होडीतल्या दुसऱ्या गाइडने लाइफ जॅकेटचे खांदे पकडून त्यांना वर ओढलं.

काठावर मिस्टरांनी त्यांचे ओले कपडे काढले, कारण भाऊजींना स्वतःचं बटण काढता येत नव्हतं. कोरड्या कपड्यांत आणि दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळलं. गरम साखरेचं पाणी दिलं तेव्हा कपाची कड दातांवर वाजत होती, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सासूबाई मुलाचे तळवे चोळायला बसल्या, तर गाइडने अलगद त्यांचा हात धरला. असं गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळायचे नसतात, त्वचेला इजा होते. अंग मधून ऊबदार करायचं आणि त्याला हलू द्यायचं नाही. सासूबाईंनी लगेच हात मागे घेतला. त्याही नदीकाठच्याच आहेत हो.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा एक-दहा-एकचा नियम तिथले गाइड पहिल्याच दिवशी सांगतात. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातो. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस आधी गारठून मरत नाही. आधी श्वास बिघडतो, मग हात जातात, आणि पोहणं हाताशिवाय होत नाही. म्हादईत शिकलेलं पोहणं म्हादईच्या पाण्याचं आहे. नारळाची सोडणं पाठीला बांधून मीही तसंच शिकले, त्याची मला लाज नाही. पण त्या पाण्यात लाइफ जॅकेट, बंद चेन आणि गाइडचा शब्द, एवढंच कामाला येतं.

भाऊजी आज म्हणतात, "दोन मिनिटं भिजलो, तुम्ही बायकांनी बाऊ केला." दर चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना हा विषय निघतो आणि पाहुणे त्यांच्या बाजूने हसतात. आम्हीच बाऊ केला म्हणतात, पण दोरी हातावर असून बोटं मिटली नव्हती, ते कोणी सांगत नाही.

खरं तर त्या नदीबद्दल सांगण्यासारखं यापेक्षा बरंच आहे. होडी शांत पाण्यात असली की तळाला गाळ घासतो आणि सतत बारीक सळसळ ऐकू येते. सासूबाई कान लावून म्हणाल्या, "कोणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय." पुढे अलसेक तलावात हिमनगांमधून वाट काढायची. आधी टेकडीवर चढून बघतात कुठली वाट मोकळी आहे, कारण हिमनग अचानक पालथे होतात. वर फेअरवेदर शिखर, १५,३०० फुटांहून उंच. काठावर अस्वलांचे पंजे उमटलेले. नदीच्या वरच्या भागातला मुलूख तिथल्या मूळच्या शाम्पेन आणि आयशिहिक लोकांचा, आजही ते जवळच्या क्लुक्शूला साल्मन धरतात.

आणि हे सगळं शाबूत आहे कारण ते वाचवलं गेलं. तिथल्या विंडी क्रॅगी डोंगरात तांब्याची मोठी खाण काढायचं घाटत होतं. १९९३ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सरकारने ती थांबवून तिथे उद्यान केलं, पुढच्या वर्षी ते जागतिक वारशात गेलं. माझं माहेर खाणींच्या पिसुर्ल्याचं. खाणीचा गाळ पावसात शेतात उतरतो म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. म्हादईला अभयारण्य १९९९ ला मिळालं, पण व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश २०२३ ला उच्च न्यायालयाला सरकारला द्यावा लागला. तुमच्या मुलाला तिथे न्या, हे त्याच्या डोळ्यांना दिसू दे.

बाकीचं पटकन. हंगाम जून मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जूनअखेर रात्री अकरालाही वाचता येतं, त्यामुळे झोपेला डोळ्यांवर पट्टी घ्या. खर्च माणशी काही हजार डॉलर, वर विमान. नेमका आकडा कंपनी आणि वर्षाप्रमाणे बदलतो, तो त्यांनाच विचारा. प्रवास कॅनडात सुरू होतो आणि अमेरिकेत संपतो, म्हणून भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसे लागतात. तुमच्यातल्या कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याचे नियम वेगळे. सुती कपडे अजिबात नकोत, लोकर किंवा सिंथेटिक. सासूबाईंनी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर नेली होती, ती टूथपेस्टबरोबर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात गेली. वास येणारी एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही. संडासाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्या बायका विचारतील. मुक्कामापासून जरा दूर आडोशाला डबा ठेवतात, आणि त्यातलं सगळं होडीतून परत न्यायचं असतं. गुडघे दुखत असतील तर उलट सोपं, बसायला सीट असते.

जायच्या आधीच्या पावसाळ्यात सगळ्यांना म्हादईवर राफ्टिंगला न्या. गाइड बोलत असताना कोण ऐकतं आणि कोण स्वतःच्या पोहण्याच्या गोष्टी सांगतं, ते बघा. सांगणाऱ्याचं तिकीट काढू नका, मग तो घरातला सगळ्यात मोठा का असेना. रुसला तर रुसू दे. भाऊजींना मी हे तोंडावर सांगितलंय.

हो, आईंना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर माझं वरचं "न्या" धरू नका, आधी डॉक्टरांशी बोला, कारण थंड पाण्याचा पहिला धक्का श्वासाबरोबर हृदयावरही येतो. आणि मुलासाठी वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते. काही जण घळीचा भाग टाळून सुरुवात करतात का, तेही विचारून ठेवा.