दीड वर्षाच्या मुलाला कालपासून जुलाब होतायत. मैत्रिणींनी पाच सल्ले दिले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. नक्की काय करावं?

तुम्ही लिहिलेले पाच सल्ले असे: ओआरएसची पुडी फोडून दर वेळी वाटीभर पाण्यात चिमूट-चिमूट घालायची, दूध बंद करायचं, पोटाला आराम म्हणून दिवसभर खायला द्यायचं नाही, कोल्ड्रिंक किंवा ग्लुकोज पावडरचं पाणी पाजायचं, आणि नाहीच थांबले तर मोठ्यांची जुलाबाची गोळी अर्धी करून द्यायची. शेवटचे चारही सोडून द्या. पहिला जवळजवळ बरोबर आहे, पण त्या 'जवळजवळ'मध्येच घोळ होतो, म्हणून आधी त्याबद्दल.

ओआरएसचं पूर्ण पाकीट एकाच वेळी, पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात कालवायचं असतं. मोठं पाकीट साधारण साडेवीस ग्रॅमचं, ते एक लिटरसाठी. छोटं चार ग्रॅमच्या आसपास, ते 200 मिलीसाठी. लिटरचं पाकीट ग्लासात ओतणं ही सर्रास होणारी चूक. पाणी उकळून गार करा, मोजा, मग पावडर घाला. कालवल्यावर पुन्हा उकळू नका आणि त्यात दूध, रस, वरून साखर काहीही घालू नका. झाकून ठेवा. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या, कितीही जीवावर आलं तरी.

मापाचा एवढा आग्रह का, तर आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. ही वाट जुलाबातही बऱ्यापैकी चालू राहते. म्हणून एक लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असं ते प्रमाण बसवलेलं आहे (बाकीचे घटक पोटॅशियम आणि सायट्रेट). घट्ट कालवलं तर उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचलं जातं, जुलाब वाढतात, आणि रक्तातलं सोडियम चढलं तर झटकेही येऊ शकतात. चिमटीने पातळ कालवलं तर पोटात नुसतं पाणी जातं, गेलेलं मीठ भरून येत नाही. कोल्ड्रिंकमध्ये लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नावालाच. ग्लुकोज पावडरचीही तीच गत: साखर आहे, मीठ नाही.

माप नीट असेल तर हे काम घरच्या माणसाला जमतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोजून भरलेल्या पुड्या पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्याला पाच मिलीच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचा ढीग उडवलेला. आधी स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नवं करा. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे पाकीट मिळेपर्यंतचीच ही सोय. मधल्या वेळात केळं कुस्करून दिलेलं बरं.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली. बाटलीने नको, चमच्याने किंवा कपाने. घटाघटा प्यायलं की उलटी होते आणि मग 'याला ओआरएस सोसत नाही' असा निष्कर्ष काढून घरचे ते बंद करतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिलीच्या चमच्याने तासाला 150 मिली जातात.

आणखी एक गैरसमज इथेच सांगते. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते पाच-सात दिवस चालू शकतात. ओआरएस फक्त शरीर कोरडं पडू देत नाही. दुसऱ्या दिवशीही शी पातळच आहे म्हणून लोक धीर सोडतात आणि गोळीकडे वळतात. ती गोळी आतड्याची हालचाल मंदावते. लहान मुलात त्याने पोट फुगू शकतं, गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. दोन वर्षांखाली ती द्यायचीच नाही. अँटिबायोटिकही मनाने नको. या वयातले बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात, त्यांच्यावर ते चालत नाही.

झिंकचं मात्र कोणीच कसं सुचवलं नाही? सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा, कारण पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते. विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात द्या. रिकाम्या पोटी दिली तर काही मुलं ओकतात. डॉक्टरांना दाखवाल तेव्हा लिहून घ्या.

खाणं चालूच ठेवा. उपाशी ठेवल्याने आतड्याचं अस्तर भरून यायला उशीर लागतो. अंगावरचं दूध मागेल तितक्या वेळा. वरचं दूध नेहमी देता तसंच, पाणी घालून पातळ न करता. मऊ भात, उकडलेला बटाटा, दही, थोडंसं तेल किंवा तूप घातलेलं काहीही, थोडं थोडं पण जास्त वेळा. फळांचे रस नकोत.

आता कधी धावायचं ते. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, तोंड कोरडं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसते, मूल पेंगुळलंय किंवा पाणी तोंडात घेत नाही, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, सतत उलट्या, तापाने फणफणलंय: यातलं एकही दिसलं तर वाट पाहू नका. वाटेतही ओआरएस पाजत राहा, फक्त मूल गुंगीत असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका. डायपरमध्ये पाण्यासारखी शी आणि शू वेगळी ओळखू येत नाही, म्हणून शू होते त्या जागी आत कापसाचा बोळा ठेवा.

मुलाचं वजन आजच, डायपर काढून करून ठेवा. उद्या त्याच काट्यावर पुन्हा. दहा किलोचं मूल एका दिवसात अर्धा किलो उतरलं तर ते पाणीच गेलेलं असतं. डॉक्टरांना दोन्ही आकडे, शीची संख्या आणि शेवटची शू किती वाजता झाली ते सांगा.