सस्पेंशनचं नंतर बघू, आधी सीसी खात्याचं बोला

नाशिकच्या सातपूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 38, अंबड एमआयडीसीत सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग कापायचं) जॉबवर्क, तीन मशीन, आठ माणसं, बायको शिक्षिका, मुलगी चौथीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 2012 ची बीएमडब्ल्यू झेड4 सेकंड हँड घेतली, 22 लाखांना. आता गाडी खड्ड्यात खडखडते, स्पीडब्रेकरवर आपटते, सोसायटीच्या रॅम्पवर पोट घासते. तर केडब्ल्यूचा व्हेरियंट 3 कॉइलओव्हर सेट (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉक) बसवू (कोटेशन 2 लाख 80 हजार) की बिलस्टीनचे बी8 शॉक आणि गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग (दीड लाखात), असा प्रश्न आहे. पैसे कुठून येणार, तर त्यांच्याच शब्दांत, "बँकेतली पॉलिसी तीन वर्षांची झाली, साडेचार लाख भरलेत, मोडली की व्याज धरून पाच येतील, त्यात किटही होईल आणि दिवाळी बोनससाठी मित्राकडून घेतलेले दोन लाखही फिटतील." सोबत सीसी खात्याच्या (बँकेनं धंद्यासाठी दिलेली उचल) स्टेटमेंटचा फोटो, का पाठवला माहीत नाही, पण बरं झालं पाठवला.

किटचं आधी उरकून टाकतो. दोन्ही नको. व्हेरियंट 3 भारी सेट आहे, त्यात दाबताना आणि परत उठताना शॉक किती कडक ठेवायचा हे वेगवेगळं सेट करता येतं, पण ते ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी. तुम्ही जाता समृद्धीवर रविवारी सकाळी, तिथं 120 ची लिमिट आहे आणि रस्ता सरळ. बी8 तर बनलेलेच खाली बसवलेल्या गाडीसाठी, आणि तुमची तक्रार काय, तर गाडी खाली घासते! म्हणजे पोट दुखतंय म्हणून अजून दोन वडापाव. शिवाय तुमच्या गाडीत मूळचे इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर साधा सेट लावल्यावर डॅशबोर्डवर लाइट पेटेल, तो घालवायला वेगळं मॉड्यूल, वेगळा खर्च.

70 हजार किलोमीटर झालेल्या, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचे रबर बुश (सांध्यांमधली रबरं) आणि शॉकचे वरचे माउंट गेलेले असणार, खडखड बहुतेक तिथूनच येतेय. बोनेट उघडा, शॉकच्या वरच्या टोकावर हात ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायला सांगा, हाताला कटकट लागली तर माउंट गेलं. या गाडीला रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) येतात, त्यांच्या बाजू कडक असतात, त्या जुन्या झाल्या की खड्डा सरळ पाठीत. माउंट, बुश, गरज असेल तर मूळ मापाचे शॉक आणि अलाइनमेंट, याचं कोटेशन घ्या, 70-80 हजारांत व्हायला हवं. ही रिपेरी आहे, अपग्रेड नाही, आणि गाडीला रिपेरीच हवीय. शिवाय सुप्रीम कोर्टानं 2019 साली सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मालकाला मनासारखे बदल करता येत नाहीत. इन्शुरन्स कंपनीला न कळवता केलेलं मॉडिफिकेशन क्लेमच्या दिवशी बरोबर सापडतं, रोज नाही सापडत, त्याच दिवशी.

आता तो फोटो. लिमिट 30 लाख, बाकी 28 लाख 60 हजार, आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला व्याजाची एन्ट्री, 25 हजार. मी दोनदा झूम करून बघितलं. मग पत्रातलं ते एक वाक्य परत वाचलं, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय, "गाडीला 8 लाख माझे घातले, 14 सीसीतून उचलले, धंद्यातून निघतील हळूहळू." अहो, दोन वर्षं झाली, निघाले का? 14 चे 14 तिथेच बसलेत. साडेदहा टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 47 हजार, दोन वर्षांचे जवळपास 3 लाख. म्हणजे कॉइलओव्हर सेटचे पैसे तुम्ही ऑलरेडी भरलेत, फक्त तो बँकेच्या गाडीला बसलाय.

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, ती धंद्याच्या चक्राला लागणारी रक्कम. माल उचला, जॉब करा, बिल काढा, पार्टीनं 60-90 दिवसांनी पैसे दिले की खातं खाली आलं पाहिजे, मग परत वर. त्याला ईएमआय नाही म्हणून ते गोड वाटतं, आणि ईएमआय नाही म्हणूनच त्यात घेतलेली गाडी कधीच फिटत नाही. बँक दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागते, स्टॉक अधिक 90 दिवसांच्या आतली येणी, वजा देणी, त्यातून साधारण 25 टक्के मार्जिन कापून तुम्हाला किती उचलता येईल ते ठरतं. झेड4 त्यात कुठे दाखवता हो? ती ना स्टॉक, ना येणं. मग 14 लाखांचा खड्डा कशानं भरलाय त्या कागदावर, ते मी विचारत नाही, तुम्ही स्वतःलाच विचारा. खातं लिमिटच्या वर गेलं आणि सलग 90 दिवस तिथंच राहिलं तर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, आणि तुमच्याकडे जागा उरलीय 1 लाख 40 हजारांची. एका पार्टीचं पेमेंट महिनाभर लांबलं तर पगार कुठून करणार? आठ माणसांच्या बोनससाठी मित्रापुढे हात पसरावा लागला तो धंदा मंद आहे म्हणून नाही, तुम्हीच लिहिलंय की ऑर्डर भरपूर आहेत. गाडी सीसीत नसती तर खात्यात 15 लाखांची मोकळी जागा असती आणि बोनस शनिवारी सकाळी झाला असता. आणि हो, हे सगळं व्याज सीए धंद्याच्या खर्चात टाकत असेल तर त्यालाही सांगा की अर्धं खाजगी गाडीचं आहे, नाहीतर उद्या इन्कम टॅक्सवाले सांगतील.

पॉलिसीचं वाचून तर डोकंच फिरलं. लिमिट रिन्यूअलच्या वेळी मॅनेजर म्हणाले एक छोटी पॉलिसी घ्या, तीन वर्षं भरा मग काढून घ्या, एफडीपेक्षा बरं. कर्जासोबत पॉलिसीची सक्ती बँकेला करता येत नाही, पण सक्ती कुणी करतच नाही ना, फक्त फाइल टेबलावर ठेवून गोड हसतात. कागद बघा, भरायचे 10 वर्षं, मुदत 20 वर्षं, कव्हर 15 लाख. अशा पॉलिसीत तिसऱ्या वर्षात मोडल्यावर हमीची सरेंडर व्हॅल्यू भरलेल्या प्रीमियमच्या साधारण 35 टक्के असते. साडेचार लाखांचे 1 लाख 60 हजार. पाच नाही, एक साठ! नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, थोडा वर-खाली होईल, पण पाच तर स्वप्नातही नाही. त्यात मजा अशी की वर्षाचा दीड लाखाचा प्रीमियम कटतोही त्याच सीसीतून, म्हणजे साडेदहा टक्क्यांनी उचलायचे आणि पाच-साडेपाच टक्क्यांनी ठेवायचे. मॅनेजरनं ते "तीन वर्षांनी काढा" व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर डिलीट करू नका, आधी कंपनीकडे लेखी तक्रार, नाही ऐकलं तर विमा लोकपाल, तिथं फी नसते.

मोडायची का? हो, मार्चचा चौथा हप्ता जायच्या आधी. पेड-अप करून ठेवली (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी तशीच) तर 17 वर्षांनी बोनस-बिनस धरून पाचेक लाख मिळतील, तेच 1 लाख 60 आज सीसीत भरले तर तेवढ्या वर्षांत त्याच दरानं साडेआठ लाखांचं कर्ज व्याजासकट वाचतं. पण मोडायच्या आधी टर्म इन्शुरन्स घ्या, एक कोटीचा, 15-20 हजारांत वर्षाला होईल, 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. टर्मची पॉलिसी हातात आली की मग जुनी मोडा, उलटं नको.

मित्राचे दोन लाख उद्याच द्या, तुमच्या म्युच्युअल फंडातल्या सहा लाखांमधून, उरलेले चार इमर्जन्सीला राहू द्या. पॉलिसीचे 1 लाख 60 सरळ सीसीत. महिन्याला वाचलेला प्रीमियम साडेबारा हजार आणि 15 हजारांची एसआयपी वर्षभर थांबवून तेही सीसीत, असे 27,500. वर्षानं 14 चे 9 होतात. नाही झाले, तर गाडी विका, भावनिक होऊ नका. "पाच वर्षांत क्लासिक होऊन 30 लाखांना जाईल" हे कुणी डोक्यात भरवलं? आपल्याकडे व्हिंटेज म्हणून नोंदणी 50 वर्षांपुढच्या गाडीची होते, तीही मूळ रूपात असेल तर, म्हणजे तुमची 2062 ला, आणि कॉइलओव्हर न लावता. त्याआधी 2027 ला 15 वर्षं भरतील, एमएच-15 चं आरसी रिन्यू, फिटनेस, पर्यावरण कर, गिऱ्हाईक हे सगळं मोजून भाव करतं. आज 17-18 मिळत असतील तर पुढच्या वर्षी कमीच मिळतील.

रिपेरीचे 70-80 हजारही वर्षभर थांबू शकतात, फक्त माउंट आणि ब्रेक लगेच बघून घ्या, ते जिवाशी आहे. रॅम्पवर घासतं त्याला किट लागतच नाही, रॅम्प सुरू होतो तिथं दोन्ही चाकांखाली दीड इंचाच्या दोन लांब फळ्या टाका आणि तिरकी चढवा. कुठल्याही लाकडाच्या वखारीत मिळतात, वॉचमनला सांगून ठेवा, काढायच्या नाहीत म्हणून.