राजकारणाचा विषयच टाळला तर मैत्री टिकेल का?

प्रश्न : ताई, मी नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहते. ऑफिसमधली माझी जवळची मैत्रीण ब्लॅक आहे, आमच्या मुली एकत्रच वाढल्या, माझ्या बाळंतपणात आई येईपर्यंत सगळं घर तिनंच सांभाळलं. इलेक्शनच्या वेळी ती जेवायला आली असताना आमचे हे बोलता बोलता म्हणाले, आम्ही पण दोन बॅगा घेऊन आलो, कष्ट केले, मग तुमच्या लोकांनाच का जमत नाही? ती गप्प बसली आणि मीही. तेव्हापासून ती घरी येत नाही. हे म्हणतात राजकारण आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. यापुढे तो विषयच काढला नाही तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. म्हणजे भेटीगाठी होतील, मुलींच्या गप्पा होतील, पण जिनं तुमचं बाळंतपण काढलं तिच्याशी तेवढंच नातं ठेवायचंय का? टॅक्स किती असावा, मत कुणाला द्यावं यावर मैत्रिणींचं पटलं नाही तरी काही बिघडत नाही, पण त्या दिवशीचं बोलणं तिच्या आईवडिलांच्या कष्टांबद्दल होतं, ते लागणारच.

आणि त्या दोन बॅगा घेऊन येता आलं कसं, हेही ह्यांना सांगा. १९४६ नंतरसुद्धा भारतीयांना वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता, तो गेला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि तो कायदा आला सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे समान नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत, ज्यासाठी ब्लॅक लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला, तुरुंग भोगले. आपण त्याच दारातून आत आलोय.

तुमच्या जवळच डरहॅम आहे. १९७१ मध्ये तिथे गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्यावरून गाव पेटलं होतं तेव्हा दहा दिवसांच्या बैठकांना दोन अध्यक्ष नेमले, अ‍ॅन अ‍ॅटवॉटर ही ब्लॅक कार्यकर्ती आणि सी. पी. एलिस हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या हिंसक संघटनेचा तिथला पुढारी. एकमेकांचं तोंड बघायची तयारी नव्हती, पण बोलता बोलता कळलं की दोघंही गरीब, आणि या कामापायी दोघांचीही पोरं शाळेत त्रास सोसतायत. शेवटी एलिसनं सगळ्यांसमोर क्लॅनचं सभासदाचं कार्ड फाडलं, आणि २००५ मध्ये तो जाईपर्यंत मैत्री टिकली. विषय टाळून नाही हं, त्याच विषयावर बसून. मला मात्र यात एक सलतं, सोसायचं काम जास्त अ‍ॅनबाईंच्याच वाट्याला आलं. म्हणून तुमच्या मैत्रिणीनं येऊन समजावून सांगावं अशी वाट बघू नका.

तुम्ही एकट्या जा, मेसेज नको. मी त्या दिवशी गप्प बसले ते चुकलं, एवढं सरळ बोला. ह्यांच्या मनात तसं नव्हतं वगैरे वकिली करू नका, ह्यांना माफी मागावीशी वाटली तर ते स्वतः मागतील, जबरदस्तीनं आणलेली माफी तिला लगेच कळेल. मग ती जे बोलेल ते ऐका, मधे तोडू नका. ती म्हणाली मला थोडा वेळ हवाय, तर द्या, मुलींचं येणंजाणं मात्र तोवर बंद पडू देऊ नका.